रात्री दोनला चालेल अशी योजना : करवीर तालुक्यातलं एक प्रकरण

दत्ता ४२ वर्षांचा. नाव बदललं आहे, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील इथे एकत्र केले आहेत. नदीकाठच्या गावात घर, पावणेदोन एकर ऊस, दोन म्हशी आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगची नोकरी. घरात आई, बायको, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. थोरला भाऊ त्याच वाड्यात राहतो, पण वाटणी झाली तेव्हा सोप्याच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. २०१९ च्या पुरात ऊस कुजला आणि मागची भिंत खचली. डागडुजी हातउसन्या पैशांवर झाली. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा एका खाजगी सावकाराकडे जावं लागलं. बायकोच्या नावावर बचत गटाचं कर्ज वेगळंच. त्यातच फाउंड्रीतला ओव्हरटाइम बंद झाला.

ऊस तुटून गेला होता, बिल जमा व्हायचं होतं. त्या मधल्या दिवसांत एका रात्री त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. काय केलं ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, आणि एखाद्या अडलेल्या माणसाला त्याने अपाय होऊ शकतो. बायकोला जाग आली, तिने आरडाओरडा केला, १०८ आली. तो वाचला. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या सुरू केल्या आणि घरी सोडण्याआधी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी मनोसामाजिक कार्यकर्ती आहे. अशा वेळी माझं काम म्हणजे रुग्ण आणि घरच्यांबरोबर बसून सुरक्षा योजना तयार करणं.

घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. गावातले लोक भेटून जातात, शहाळी येतात, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात. सावकार, हप्ता, बंद पडलेला ओव्हरटाइम हे मात्र जागच्या जागी असतं. गोळ्यांचा गुण यायलाही दोन-चार आठवडे लागतात. सुरक्षा योजना या मधल्या काळासाठी आहे. ती कर्ज फेडत नाही, नैराश्य बरं करत नाही. विचारांची लाट चढते तेव्हा ती ओसरेपर्यंत माणसाला तगवणं, एवढंच तिचं काम. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. दत्ताच्या बायकोने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "ह्या कागदानं काय हुतंय मॅडम?" आणि तिचं विचारणं रास्त होतं.

आम्ही वापरतो ती पद्धत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बांधली. पायऱ्या सहा आहेत. आधी धोक्याच्या खुणा, मग स्वतः एकट्याने करायच्या गोष्टी, मग मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मग ज्यांच्याकडे उघड मदत मागता येईल अशी माणसं, मग दवाखाना आणि हेल्पलाइन, आणि शेवटी घरातली जीवघेणी साधनं दूर करणं. एका पायरीने भागलं नाही तर पुढची. धोका फार वाटला तर मधल्या गाळून थेट दवाखाना. या पद्धतीचा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,६४० रुग्ण होते. आपत्कालीन विभागातून घरी सोडताना योजना करून देऊन नंतर फोनवर पाठपुरावा केला, त्या गटात पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे तो शेवटचा शब्द मानू नये. पण फोनवरच्या पाठपुराव्याचा भाग मी फार महत्त्वाचा मानते. नुसता कागद देऊन पाठवणं म्हणजे पोच घेऊन मोकळं होणं.

आईची शपथ

आई पहिल्या भेटीला आली ती पदर तोंडाला लावूनच. मी दत्ताला सरळ विचारलं, "अजून जीव द्यावासा वाटतो का?" त्याच्याआधी आईच बोलली. "बाई, असलं अभद्र तोंडातनं काढू नका. सुटलाय न्हवं एकदा." ही भीती घरोघरी असते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे आजवरच्या पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. उलट, कुणीतरी नाव घेऊन विचारलं की माणूस मोकळा होतो. दत्ता खाली बघत म्हणाला, "रोज न्हाई. पण येतो विचार." आईने ते पहिल्यांदाच ऐकलं.

आईने वॉर्डातच त्याच्या कपाळाला जोतिबाचा गुलाल लावून "पुन्हा असं करणार नाही" अशी शपथ घ्यायला लावली होती. माझा त्या शपथेला विरोध नाही. तिला त्याने झोप लागत असेल तर लागू दे. पण योजनेच्या जागी शपथ चालत नाही. एके काळी मानसोपचारातही "मी आत्महत्या करणार नाही" अशा करारावर रुग्णाची सही घेत असत. त्याने जीव वाचतात असा पुरावा मिळाला नाही. शपथ घातलेल्या माणसाला पुन्हा विचार आला की तो दुहेरी अपराधी होतो, विचार आला म्हणून आणि शपथ मोडतोय म्हणून. मग तो कुणाला सांगत नाही. आईला एवढंच म्हटलं, "शपथ राहू दे आजी, पण तिच्या जोडीला त्याला असं सांगा, की पुन्हा वाटलं तर मला उठव, मी रागावणार नाही." तिला हे कबूल करायला वेळ लागला.

दुसरी भीती पोलिसांची. गावात कुणीतरी सांगितलं होतं की केस होते, आत टाकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, आणि त्याच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ सारखा आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हाच उरलेला नाही; सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमात आहे. रुग्णालयात पोलीस नोंद होते, जबाब घेतला जातो, ती रीत आहे. ती पाहून लोक घाबरतात, आणि पुढच्या वेळी दवाखाना टाळतात. म्हणून योजनेचा कागद काढण्याआधी मी हे सांगून टाकते.

त्या दिवशीचं सकाळपासून

"धोक्याच्या खुणा कोणत्या?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. टेन्शन येतं. दत्तानेही तेच सांगितलं. त्यावरून रात्री काही ओळखता येत नाही, कारण टेन्शन तर रोजच असतं. म्हणून त्याला म्हटलं, त्या दिवशीचं सकाळपासून सांगा. घाई नको.

पहिली पाळी. गेटवर सावकाराचा माणूस गाडी लावून उभा. दत्ताने फोन सायलेंट केला तो दिवसभर तसाच. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. सुटल्यावर सरळ घरी न येता क्वार्टर मारली. संध्याकाळी दूध संस्थेतून मिळालेल्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने हिशोब मांडला, कुणाचे किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे. शेवटी एक बेरीज खाली ओढली. रात्री दहाला पडला, दीडला जाग. उठून गोठ्यात गेला. "डोक्यात एकच चाललेलं, मी नसलो की हे मिटंल."

आणि मग? "मग घाबरलो. दवाखान्यात पहाटं वाटलं, आता म्हशीची धार कोण काढणार."

या वाक्यावर मी त्याला थांबवलं. रात्री दीडला ज्या माणसाला सगळं मिटवायचं होतं, त्यालाच पहाटे धारेची काळजी पडली होती. मधल्या वेळात कर्ज तेवढंच होतं, ओव्हरटाइम बंदच होता. लाट तेवढी चढली आणि उतरली. कागदावर रेघ काढून त्याला ती दाखवली. सकाळपासून हळूहळू चढ, रात्री दीडला टोक, पहाटे उतार. योजना हवी ती त्या टोकाच्या आसपासच्या तासांसाठी. दत्ताला हे पटलं. म्हणाला, "म्हंजे रात्र काढायची."

खुणा या हकिकतीतून निघाल्या, आणि एक बायकोने दिली. "डबा तसाच परत आला की मला कळतंय." तिला हे दोन वर्षांपासून माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. दारूबद्दल तो म्हणाला, मी रोजचा पिणारा नाही. खरं असेल. पण दारूने आवर सुटतो, आणि त्या दिवशी ती पोटात होती, म्हणून तीही खुणांमध्ये गेली.

गोठा आणि वरचा माळा

एकट्याने काय केलं की मन जरा वळतं, या प्रश्नाला दत्ता आधी म्हणाला, "भजन." ते मला बरं वाटावं म्हणून होतं. भजनाला तो गेली कित्येक वर्षं गेलेला नव्हता. खरं उत्तर थोड्या वेळाने आलं. म्हशीजवळ बसलं, तिला खरारा केला, की बरं वाटतं. गोठ्यात कुणी काही मागत नाही.

बायको एकदम म्हणाली, "आणि औषध कुठं असतंय?"

शेतीची औषधं, फवारणीचा पंप, तणनाशकाचे अर्धे-मुर्धे डबे, सगळं गोठ्याच्या माळ्यावर. म्हणजे ज्या जागी त्याला बरं वाटतं, तीच जागा सगळ्यात धोक्याची. कागदावर दुसरी पायरी आणि सहावी पायरी वेगवेगळ्या रकान्यांत असतात. या घरात त्या एका शिडीच्या अंतरावर होत्या. म्हणून मी साधनांचं बोलणं शेवटासाठी ठेवलं नाही. सहावी पायरी आधी घेतली.

इथे थोडं थांबून लिहिते, कारण ग्रामीण महाराष्ट्रात या पायरीवरच सगळं अडतं. लोक म्हणतात, ज्याला करायचंच आहे तो काहीही करील. तसं नसतं. मनात येणं आणि करणं यांत अनेकदा काही मिनिटांचंच अंतर असतं, आणि त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर जगणं-मरणं ठरतं. हाताशी नसलं तर बरेच जण दुसरं शोधायला जात नाहीत. तेवढ्यात लाट उतरते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आलं.

पण कुलपाचं काय? पहिला उपाय सगळ्यांना तोच सुचतो. दत्ताच्या बायकोलाही सुचला, पत्र्याची पेटी आणि कुलूप. श्रीलंकेतच १८० गावांपैकी निम्म्या गावांत घरोघरी कुलूपबंद पेट्या देऊन पाहिलं, आणि २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला की त्याने विषबाधा कमी झाल्या नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. घरातल्या कुलपाची किल्ली घरातच असते, आणि ती कुठे टांगली आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. उलट तमिळनाडूत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटाने दोन गावांत औषधं घराबाहेर, सामायिक कोठारात ठेवण्याचा छोटा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष आश्वासक होते. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. जोखीम असलेल्या घरात औषध कुलपात नको. ते घरातच नको.

दत्ता तयार होता. त्याला विचारूनच हे ठरवायचं होतं. गुपचूप उचलून नेलं तर माणसाला वाटतं की आपल्यावर पहारा बसला. अडचण निघाली ती थोरल्या भावाची. सोप्यात भिंत घातली होती, पण गोठ्याचा माळा दोघांचा एकच. वरून सलग. दत्ताचे डबे हलवले तरी भावाचे तिथेच राहणार, आणि भावाशी तर बोलणं बंद.

मध्ये पडले ते दाजी, म्हणजे दत्ताच्या बहिणीचे यजमान. शेजारच्या गावचे, पंचायतीत कधी न पडलेले, कमी बोलणारे. ते भावाकडे गेले. भाऊ म्हणाला, "त्याच्यापायी मी शेती करायची न्हाई काय?" ते रागाचं होतं, पण प्रश्न खरा होता. ऊस पाण्याखाली नाही तर तणाखाली जातो, फवारणी चुकत नाही. दाजींनी वाद घातला नाही. त्या रात्री दत्ताला उचलून रस्त्यापर्यंत नेणारा भाऊच होता, हे दोघांनाही माहीत होतं. ठरलं ते असं. दोन्ही घरची फवारणी आता मजुरीवर द्यायची. फवारणारा स्वतःचा पंप आणि त्या दिवसापुरतंच औषध घेऊन येईल, उरलेलं परत नेईल. माळ्यावरचे सगळे डबे, रिकामेसुद्धा, दाजी पोत्यात भरून आपल्या गावी घेऊन गेले. मजुरीचा खर्च वाढला, तो अर्धा-अर्धा. भाऊ दत्ताशी अजून बोलत नाही, पण पैसे देतो.

गोळ्यांचंही तसंच. महिन्याच्या एकदम न आणता आठवड्याच्या आणायच्या, बायकोने आपल्याजवळ ठेवायच्या आणि रोजच्या रोज द्यायच्या. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्यातच. दारूची बाटली घरात यायची नाही.

कुणाला फोन लागतो

जागा ठरवताना दत्ताने तालमीच्या कट्ट्याचं नाव घेतलं. तिथे संध्याकाळी चार मित्र असतात. आणि सावकाराचा माणूसही असतो, हे बोलता बोलता निघालं. कट्टा गेला. त्याऐवजी संध्याकाळी दूध संस्थेत थांबायचं ठरलं. कॅन आपटतात, फॅट लागतं, कुणी ना कुणी हुज्जत घालत असतो. नुसतं उभं राहिलं तरी चालतं. आपलं काही सांगायची गरज नसते, आणि या पायरीला तेवढंच हवं असतं. हंगाम असेल तेव्हा रविवारी कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच.

उघड मदत मागायची माणसं ठरवताना मी नाव लिहून घेत नाही, तिथेच फोन लावायला सांगते. दत्ताने आधी कामावरच्या मित्राला लावला. मित्र म्हणाला, कधीपण लाव भावा. मी विचारलं, रात्री दोनला? "रात्री फोन बंद असतोय मॅडम, आणि एक आठवडा रात्रपाळी." बरं झालं, आत्ताच कळलं. तो दिवसाचा माणूस झाला. रात्रीसाठी दाजी. दाजींचा फोन उशाशी असतो, गाडीने पंधरा-वीस मिनिटांत ते येऊ शकतात.

पण फोनवर म्हणायचं काय? "दाजी, जीव द्यावा वाटतोय" हे दत्ताच्या तोंडून निघेना. खोलीत आम्ही चौघं असताना निघालं नाही, ते रात्री एकटा असताना कसं निघणार? तेव्हा दाजीच म्हणाले, "तू म्हण, म्हशीला बघायला या. मला कळंल." एवढं ठरलं. कारण विचारायचं नाही, समजावायचं नाही, यायचं.

टेली-मानसचा १४४१६ हा नंबरही तिथेच लावून पाहिला. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीतही. दत्ताने फोन लावला, भाषा निवडली, पलीकडे मराठी बोलणारं माणूस आलं. त्याने नुसतंच "नंबर लागतोय का बघत होतो" म्हणून सांगितलं आणि थोडं बोलला. एकदा लावलेला नंबर दुसऱ्यांदा लावायला सोपा जातो.

कागद त्यानेच लिहिला, त्याच्या अक्षरात. माझी शुद्ध भाषा त्यात नको होती. शेवटी तयार झाला तो साधारण असा :

खुणा – डबा तसाच परत. फोन सायलेंट. पावतीमागं हिशोब. क्वार्टर. दीडला जाग आणि "मी नसलो की मिटंल".
मी काय करीन – सोप्यात येऊन लाइट लावीन. थंड पाण्यानं तोंड-पाय धुवीन. मोबाइलवर जुन्या कुस्त्या बघीन. रात्री गोठ्यात एकटा जाणार नाही, माळा रिकामा असला तरी.
कुठं – संध्याकाळी दूध संस्था. रविवारी मॅच. कट्टा नको.
कुणाला – दाजी : "म्हशीला बघायला या." दिवसा कामावरचा मित्र.
दवाखाना – १४४१६. फारच वाटलं तर १०८, नाहीतर सरळ इमर्जन्सीला, कुणाला तरी सोबत घेऊन.
घर – औषध घरात नाही. गोळ्या हिच्याकडं. बाटली नाही.
कशासाठी – म्हैस गाभण आहे.

शेवटच्या ओळीवर बायको जरा दुखावली. मुलांचं नाव का नाही? मी ती ओळ बदलू दिली नाही. मुलांचं नाव घेतलं की त्याला त्यांच्या फीची आठवण येते, आणि तिथून पुन्हा तो हिशोब. म्हशीपाशी त्याचं काही देणं नव्हतं. कागदाची एक प्रत बायकोकडे, एक दाजींकडे, आणि एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये, "ऊस बिल" नावाच्या फोल्डरात, म्हणजे कुणी उघडणार नाही.

मुलीचं एक कळलं ते उशिरा, फोनवरच्या पाठपुराव्यात. बाबा घरी आल्यापासून ती दाराला आडवी अंथरूण घालून झोपायची, रात्री कडी वाजली की कळावं म्हणून. वर्गात पेंगत होती. चौदा वर्षांच्या पोरीला पहारेकरी करायचं नसतं, हे मी बायकोला जरा कडकच सांगितलं. मुलीला तिच्या वयाला पेलेल एवढं सांगितलं, बाबांना आजार आहे, उपचार चालू आहेत, काही वेगळं वाटलं तर आईला उठव, बघत बसायचं काम तुझं नाही. ती आत झोपायला लागली.

ती रात्र

घरी सोडल्यावर साधारण महिन्याने सावकाराचा माणूस थेट दारात आला. मुलीसमोर बोलू नये ते बोलला. दत्ताने संध्याकाळी दूध संस्था चुकवली. डबा तसाच होता, पण बायको त्या दिवशी गटाच्या बैठकीला गेली होती, तिने डबा पाहिला नाही.

दीडला जाग आली. त्याने लाइट लावला, पाय धुतले, कुस्ती लावली. "दोन मिनिटं बघितली, मग डोक्यात जाईना." पाय गोठ्याकडे वळले. कागदावर लिहिलेलं असूनही वळले. मला यात आश्चर्य वाटत नाही. माळ्यावर काही नव्हतं. तो खाली म्हशीपाशी उभा राहिला आणि तिथून दाजींना फोन लावला. पहिला उचलला गेला नाही, दुसरा उचलला.

दाजी आले. काय झालं विचारलं नाही. चूल पेटवून चहा केला, दोघं सोप्यात बसले, दाजी आपल्या विहिरीच्या मोटारीचं गाऱ्हाणं सांगत राहिले. पहाटे दोघांनी मिळून धार काढली आणि दत्ता पहिल्या गाडीने दवाखान्यात आला. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. कुणी त्याला "पुन्हा तेच का?" म्हणून विचारलं नाही, आणि हे मुद्दाम आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

चिडली ती बायको. सकाळी उठून पाहते तर सोप्यात दाजी. "मी आत झोपले असताना मला उठवायचं सोडून बाहेरच्याला बोलावलंस?" दत्ता म्हणाला, तू दिवसभर राबतीस. तो तिला वाचवत होता, तिला ते परकं केल्यासारखं वाटत होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आम्ही कागद पुन्हा काढला. तिचं म्हणणं होतं की तिचं नाव वर हवं. त्याचं म्हणणं, तिला बोलून सांगता येत नाही, ती रडायला लागते आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागते. तिने ते मान्य केलं. मग ठरलं ते असं, की फोन दाजींनाच, पण त्याआधी माजघरातला लाइट लावायचा. लाइट लागला की तिने उठून सोप्यात येऊन बसायचं, दाजी येईपर्यंत. बोलायचं नाही. रडू आलं तर येऊ दे, त्याची समजूत त्याने काढायची नाही.

आणखी एक रकाना वाढवला, तारखांचा. सावकाराची तारीख, गटाचा हप्ता, ऊसबिल, मुलांची फी, आणि बेंदूर हा बैलांचा सण, कारण बेंदराला खर्चही होतो आणि भाऊबंद समोरासमोरही येतात. त्या-त्या आठवड्यात आम्ही आपणहून फोन करतो, आणि बायको डबा रोज उघडून बघते.

पैशांचं काम वेगळ्या वाटेने चाललंय. विनापरवाना सावकारीविरुद्ध २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. दत्ताचा अर्ज गेला आहे. त्याचं काय होईल ते लवकर कळणार नाही, म्हणून तो अर्ज मी त्याच्या कागदावर "आशा" म्हणून लिहू दिला नाही. अर्ज अडकला तरी कागद चालला पाहिजे.

सध्या अडचण दाजींची आहे. आषाढीला ते वारीला जातात, वीस-एक दिवस घरी नसतात, आणि यंदा नको जाऊ म्हणायला कुणाची जीभ रेटेना. दाजींनी स्वतःच्या जागी थोरल्या भावाचं नाव सुचवलं. भाऊ तयार आहे, दत्ता नाही. माझं मत भावाच्या बाजूचं आहे, तो भिंतीपलीकडे आहे आणि एका हाकेत येऊ शकतो. पण ज्याला हाक मारवत नाही त्याचं नाव लिहून उपयोग नाही, म्हणून मी रेटलं नाही. तोवर त्या जागी कामावरच्या मित्राचा नंबर आहे. त्याच्या बायकोने रात्री फोन चालू ठेवायचं कबूल केलंय, आणि त्याची रात्रपाळी कोणत्या आठवड्यात येते ते दत्ताच्या बायकोने कॅलेंडरवर मांडून ठेवलंय. त्या आठवड्यासाठी अजून माणूस शोधायचा आहे.